लाईनवरची खरखर

फौजींचा आवाज बिघडला तेव्हा आम्ही आधी तारा तपासल्या. आज हे लिहिताना वेडेपणाचं वाटतं, पण घाटकोपरच्या त्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये बसलेल्या आम्हा कुणालाच तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. परगावी फोन करायचा तर लोक आमच्याकडे कॉल नोंदवायचे आणि वाट बघत बसायचे. आम्ही ओळीने बोर्डांसमोर बसलेलो असायचो, कानाला हेडसेट आणि हातात कॉर्ड. कॉर्डचं टोक भोकात खुपसलं की पलीकडे पुणे, नाहीतर कोल्हापूर, नाहीतर रत्नागिरी. तिथेही आमच्यासारखंच कुणीतरी बसलेलं. एकमेकांची नावं विचारायची नाहीत असा नियम होता. तो पाळणं जड गेलं नाही, कारण आम्ही एकमेकांना गावाच्या नावानेच हाक मारायचो. "हां पुणे, बोला." "मुंबई, थांब गं जरा, नागपूर डोकं खातंय." वर्षानुवर्षं अशी ओळख. पुण्याच्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं, हे सगळं मला माहीत होतं. तिचं तोंड मात्र मी कधीही पाहिलं नाही.

मुंबई म्हणजे आम्ही सगळेच. पण पलीकडच्या गावांना विचारलं असतं तर त्यांची मुंबई म्हणजे फौजी होते. सैन्यात ते सिग्नल्समध्ये होते, वायरलेस सेटवर. एकाहत्तरची लढाई त्यांनी पाहिली होती. तिथून निवृत्त होऊन ते आमच्याकडे आले. कणकवलीच्या बाजूचे, बुटके, छातीने रुंद. आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. पावसाळ्यात तारा भिजून लाईनवर नुसती भाजणी भाजल्यासारखा आवाज यायचा, तेव्हा आम्ही सगळ्या ओरडून बेजार व्हायचो आणि फौजी शांतपणे एकेक आकडा असा उच्चारायचे की पलीकडून लगेच "घेतला" असं उत्तर यायचं. अवघड लाईन आली की आम्ही कॉर्ड त्यांच्याकडे द्यायचो. ते म्हणायचे, "आणा इकडे ताई. ओरडायचं नाही. तार बिचारी घाबरते."

मुलुंडला चाळीत त्यांचं एका खोलीचं घर होतं. बायको आणि दोन मुली. पाळी संपली की एक मिनिट रेंगाळायचे नाहीत. घरी गेल्यावर मुलींना रोज एक गाव सांगायचे. त्या दिवशी ज्या गावाशी जास्त बोलणं झालं असेल ते गाव, तिथे पाऊस आहे का, भांडण कशावरून चाललंय. कुणाचं काय बोलणं झालं ते मात्र कधी सांगायचे नाहीत. मुली त्यांना जाब विचारायच्या, "बाबा, काल तुम्ही नागपूर अर्धवट सोडलंत." हे सगळं ते डबा खाताना आम्हाला सांगायचे, आणि सांगताना स्वतःशीच हसायचे.

एका उन्हाळ्यात पुण्याने पहिल्यांदा तक्रार केली. "मुंबई, तुमची लाईन खरखरतेय." दोन दिवसांनी कोल्हापूर तेच म्हणालं. फौजींनी स्वतःच कॉर्ड बदलून मागितली. मग हेडसेट बदलला. मग त्यांना दुसऱ्या बोर्डवर बसवलं, तर खरखर त्यांच्यामागून त्या बोर्डवर गेली. तंत्रज्ञ येऊन तारा तपासून गेले. फौजी जेवायला उठले आणि त्यांच्या जागी मी बसले की लाईन लख्ख असायची, आणि आम्ही म्हणायचो, झाली बाई एकदाची दुरुस्त. ते परत बसले की पुन्हा सुरू. आमचे कान आवाज ऐकायला शिकवलेले होते. कानात काही चुकीचं आलं की दोष तारेत शोधायचा, हेच आम्हाला येत होतं. फौजींना तर सैन्यापासून तेच येत होतं. त्यांनी स्वतःही गळ्याला हात लावला नाही.

ते कळलं कँटीनमध्ये. आमच्यात वर्सोव्याची एक कोळीण होती, तोंडाची फटकळ, हसली की सगळं कँटीन वळून बघायचं. फौजींनी तिच्याकडे पाण्याचा जग मागितला.

"ए फौजी, घशात बोंबील अडकला काय तुझ्या?" ती म्हणाली.

"लाईनच खराब आहे ग," ते सवयीने म्हणाले.

ती हसायला लागली आणि मध्येच थांबली. "कसली लाईन? इथे कुठे तार आहे रे? मी तुझ्या समोर बसलेय."

टेबलाभोवती आम्ही चारपाच जण होतो. फौजींनी पाणी ओतून घेतलं, प्यायले, आणि एकदा खाकरून बघितलं. मग पुन्हा एकदा.

त्यानंतर हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, नाक्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. शेवटी परळच्या मोठ्या इस्पितळात. तिथल्या डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्रात गाठ आहे, कॅन्सरची. अजून बाहेर पसरलेली नाही. सगळं स्वरयंत्र काढून टाकायचं, श्वासासाठी मानेत भोक ठेवायचं. आवाज पूर्ण जाईल, पण माणूस वाचेल. मात्र हे लवकर करायचं.

फौजी म्हणाले, "गणपती होऊन जाऊ द्या."

त्यांच्या गावच्या घरात आरती तेच सांगायचे. वाडीतली सगळी घरं घेत घेत भजन रात्र संपेपर्यंत चालायचं, आणि पुढचा आवाज त्यांचा. ते गेले, गाऊन आले. परत आले तेव्हा आवाज आणखी खाली गेला होता. आता तरी, असं आम्ही म्हणालो. तेव्हा ते म्हणाले की मोठीची सहामाही परीक्षा आहे, घरात गोंधळ नको. त्यांना कारणं शोधावी लागत नव्हती. घरसंसार असलेल्या माणसाकडे ती असतातच.

त्याच सुमारास त्यांची बायको एक्स्चेंजच्या फाटकाशी आली आणि तिने मला बाहेर बोलावून घेतलं. आत यायला तयार नव्हती. पदर खांद्यावरून घेऊन भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, तुमी सांगा तेंका. माझां आयकणत नाय. तुमी शिकलेल्या, तुमचां आयकतत."

"मी सांगितलं. सगळ्यांनीच सांगितलं."

"मगे परत सांगा." तिचा आवाज चढला. "आवाज गेलो तर गेलो. माणूस तरी रवात घरात. माका तेंचा गाणां नको, बोलणां नको. माका ते होये." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी तर रोज आयकत होतात मां? आठ आठ तास? तुमचे कान सरकारी, नि तुमका कळलां नाय?"

तिला उत्तर नको होतं. मी तिला चहाला चला म्हटलं, तर ती नको म्हणाली आणि निघून गेली.

फौजी ऑपरेशन टाळतायत हे मी लाईनवरून गावांना सांगितलं. नियमाबाहेरचं होतं, पण सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून फौजींनी कुठलीही कॉर्ड लावली की आधी पलीकडून तेच. पुणे म्हणालं, "मुंबई, ऑपरेशन कधी?" कोल्हापूरचा म्हातारा ऑपरेटर म्हणाला, "अरं लेका, कापून घे की. बायकोपुढं तसंबी कोण बोलतंय?" रत्नागिरीने तर कॉल घ्यायलाच नकार दिला, म्हणे आधी तारीख सांग. फौजी हसले नाहीत. हेडसेट काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, हे तुमचं काम." मग म्हणाले, "चला, चहा घेऊ."

कँटीनमध्ये दुपारी कुणी नव्हतं. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, मुलींची वयं, डॉक्टरांचे शब्द. त्यांनी मला बोलू दिलं नाही. खरखरत्या आवाजात, मध्ये मध्ये थांबून, त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी घरीही सांगितलेलं नव्हतं.

पूर्वेकडच्या आघाडीवर, नदीच्या अलीकडे त्यांचा सेट होता. कापणी झालेली भातशेतं, आपल्याकडे असतात तशीच. पुढे तीन चौक्या, प्रत्येकीत एक सेट, एक ऑपरेटर. एका रात्री पुढून मारा सुरू झाला. दोन चौक्या बोलत होत्या. तिसरी बोलत नव्हती. पण फौजींच्या कानात तिच्याकडून खट् असा आवाज यायचा. सेटवर बोलण्यासाठी एक बटण दाबावं लागतं. कुणीतरी ते दाबत होतं आणि सोडत होतं. बोलत नव्हतं. फौजी म्हणाले, "तोंडाला लागलं असेल, गळ्याला लागलं असेल, काय माहीत. पण बोट चालत होतं, ताई."

साहेबांनी विचारलं, तिसरी चौकी काय म्हणतेय? फौजींनी सांगितलं, बटणाचा आवाज येतोय, साहेब. साहेब म्हणाले, बोलणं येतंय का? नाही, साहेब. शत्रूने सेट ताब्यात घेऊन चाळा लावला असेल, असंही होतं. ते साहेबांचं म्हणणं चूक नव्हतं. चौकी पडली असं धरलं गेलं. आपल्या तोफा तिकडे वळल्या. मारा सुरू झाल्यावरही थोडा वेळ ते बटण वाजत होतं.

"नंतर गेले होते का तिथे कुणी?" मी विचारलं.

"गेले ना." त्यांनी कप बशीत ठेवला. "मला नाही पाठवलं. मी विचारलंही नाही. सेटवरची ड्युटी होती."

ते कपाच्या कानाशी चाळा करत बसले.

"बोलत नाही त्याला लोक सोडून देतात, ताई. वाईट म्हणून नाही देत. कळतच नाही, की आहे. मी सोडलेलं आहे, म्हणून सांगतो. माझ्या मुलींनी मला तसं… घरात बसलेला असेन, आणि हळूहळू कुणी विचारणारच नाही. त्यापेक्षा आहे तोवर बोलतो."

मी खूप पुस्तकं वाचलेली होती. त्या दुपारी मला त्यातलं एक वाक्य उपयोगी पडलं नाही. मी एवढंच म्हणू शकले, "फौजी, घर म्हणजे चौकी नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले. "दिवसा माहीत असतं."

त्यांच्या बायकोला ही गोष्ट कुणी सांगितली? मीच सांगितली. यावेळी मी मुलुंडला गेले, पाणी भरायच्या वेळी, ते ड्युटीवर असताना. नळावर रांग होती आणि तिची कळशी भरत होती. मी सांगत असताना ती पाण्याकडे बघत होती. कळशी भरून वाहायला लागली तरी तिने नळ बंद केला नाही, मागच्या बाईने ओरडून केला. शेवटी ती म्हणाली, "असां हा तर." आणि कळशी उचलून घरात गेली.

त्या दिवसापासून तिने बोलणं बंद केलं. नवऱ्याशीच नव्हे, कुणाशीच. मुलींशी नाही, शेजारणींशी नाही, भाजीवाल्याशी नाही. मला हे कळलं ते दसऱ्यानंतरच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा. दार धाकटीने उघडलं. ती सात-आठ वर्षांची असेल. तिने मला दारातच सांगून टाकलं, "आई बोलत नाय. बाबा ऑपरेशन करेपर्यंत नाय बोलणार. आम्हाला सगळं समजतं."

फौजी खाटेवर बसले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा. हिने सेट बंद करून टाकलाय."

बायको स्टोव्हपाशी होती. तिने माझ्याकडे बघून हात जोडले, मग दोन बोटं उंच करून मोठीकडे बघितलं. मोठी म्हणाली, "साखर दोन चमचे ना, मावशी?" बायकोने भुवया वर केल्या, तर धाकटी उठून शेजारून दूध आणायला गेली. फौजी सारखे बोलत होते, एक्स्चेंजबद्दल, नवीन येणाऱ्या मशीनबद्दल, आता लोक स्वतःच नंबर फिरवणार आणि आमचं काय होणार याबद्दल. दर वाक्याला त्यांचा घसा ओढला जायचा. ती चहा गाळत होती. मध्येच तिने ओगराळं भांड्यावर एकदा आपटलं. फौजी गप्प झाले. तिने त्यांच्याकडे बोट केलं, मग स्वतःकडे, मग दोघी मुलींकडे, आणि हात उलटा करून विचारलं. काय विचारलं ते मला शब्दांत सांगता येणार नाही. पण मी कुठे आहे, मला तुम्ही सोडलंत का, असं काहीतरी होतं.

फौजींनी चहा घेतला नाही. ते उठून बाहेर गॅलरीत गेले आणि कठड्याला धरून उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत येऊन म्हणाले, "ठीक आहे. सांगा त्यांना, कापा."

ती बोलली नाही. तिने मान हलवली, की आधी तारीख.

तारीख घ्यायला त्या दोघांबरोबर मीही गेले. डॉक्टर तेच होते. त्यांनी फौजींना बसवलं, गळ्यात आरसा घालून बघितलं, मग मानेच्या दोन्ही बाजूंना बोटांनी दाबत गेले. एका जागी बोटं थांबली. दुसऱ्या बाजूला गेली, तिथेही थांबली. त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही तिथेच दाबलं. मग ते हात धुवायला गेले आणि फार वेळ धूत राहिले.

ऑपरेशन आता होणार नव्हतं. पसरलं होतं. किरणांचा शेक देऊन बघू, असं ते म्हणाले. म्हणताना त्यांनी फौजींकडे न बघता माझ्याकडे बघितलं, मी चष्मा लावून बसले होते म्हणून असेल.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. मग तिने तोंड उघडलं. इतक्या दिवसांनी आलेला तिचा आवाजही चिरलेला होता. ती म्हणाली, "मी गप रवलंय ना, म्हणून उशीर झालो. ओरडान सांगूक होयां होतां." हे तिने तीनचार वेळा म्हटलं. फौजी तिला सांगत राहिले, तसं नाही गं, तसं नाही. मलाही सांगावंसं वाटलं की तसं नाही. उशीर कुठे झाला ते मला माहीत होतं, उन्हाळ्यात, कॉर्ड बदलताना, आणि गणपतीत. पण ते सांगून तिच्या हातात काय पडलं असतं?

थंडीत शेक झाले. मान काळी पडली, गिळणं कठीण झालं. एका पहाटे श्वास अडकला, तेव्हा मानेत भोक पाडून नळी बसवावी लागली. आवाज गेला. जो द्यायचा नाही म्हणून त्यांनी एवढे महिने घालवले, तो असाच गेला, आणि त्याच्या बदल्यात काही मिळालं नाही.

त्यानंतर ते जेमतेम महिनाभर होते. मी दर रविवारी जायचे. ज्या गोष्टीची त्यांना इतकी भीती होती तीच त्या खोलीत बघायला लागणार, असं वाटायचं. पहिल्या रविवारी मी दारात उभी राहिले, तर आत पत्त्यांचा डाव चालला होता. धाकटी त्यांच्यावर ओरडत होती. "बाबा, चीटिंग! मी बघितलं, तुम्ही पान लपवलंत. खोटं सांगू नका!" फौजी खोटं सांगत होते. भुवयांनी, खांद्यांनी, दोन्ही तळहात पुढे करून. मोठी म्हणाली, "ते म्हणतायत तूच आंधळी." धाकटी म्हणाली, "आंधळी नाय, ते म्हणाले माकड. मला कळतं." फौजी हसले. आवाज नव्हता, नळीतून नुसती हवा फुसफुसली, पण खाट हलली.

पत्ते संपल्यावर धाकटी गृहपाठाला बसली. तिला एक गणित अडलं. तिने वही उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली, त्यांनी बोट एका आकड्यावर ठेवलं, तिने "अच्छा" म्हणून ते खोडलं. त्यांना पाणी हवं होतं ते मोठीला, तिची पाठ असताना, कसं कळलं हे मला अजून कळलेलं नाही. त्या तासाभरात कुणी त्यांना विसरलं नाही. कुणी मुद्दाम लक्षही देत नव्हतं.

मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात त्यांच्या बायकोशेजारी पाटावर बसले होते. ती त्यांच्यासाठी पेज गाळून पातळ करत होती. त्या तिघांकडे ती बराच वेळ बघत राहिली. रडत नव्हती. हात चालू होता.

"जमलां असतां, ताई," ती हळूच म्हणाली. "असां जमलां असतां."

मग पेजेची वाटी घेऊन उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.